गिटार न येणारा गिटारवाला

लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. वाजवणं सोडा, सुरात लावतासुद्धा येत नव्हती. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी सबमिशनच्या फायली बाजूला सारून हसत सुटले होते. ज्याचं आडनाव गिटारीवर दिसलं की आमच्या बँडमधली मुलं चपला काढून नमस्कार करायच्या बेतात असतात, तो माणूस शिक्षणाने अकाउंटंट आणि धंद्याने रेडिओ दुरुस्त करणारा!

पण आधी हे सांगते की मी त्याच्या वाटेला गेलेच कशी. आमच्या बँडमध्ये मी बेस वाजवते. बेस म्हणजे चार जाड तारांची ती गिटार, जी गॅदरिंगला कोणालाही वेगळी ऐकू येत नाही, पण मधेच बंद पडली तर शेवटच्या रांगेतल्यालाही कळतं की काहीतरी गेलं. माझी सेकंडहँड होती. गेल्या पावसाळ्यात ती माझ्या रूमच्या गळक्या कोपऱ्यात महिनाभर उभी राहिली (मी घरी होते, चूक माझीच) आणि तिची प्लायची बॉडी चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी फुगली. थर सुटले. नेक, पिकअप, खुंट्या मात्र शाबूत. म्हणजे फक्त बॉडी नवी करायची. पाच जणांनी मिळून नऊ हजार जमवले. हे पैसे कोणाच्या बापाने दिलेले नव्हते. एकाने ट्रिप सोडली, एकीने दोन महिने मेसचं रात्रीचं जेवण बंद ठेवलं. आणि लाकूड निवडायचं काम आलं माझ्याकडे, कारण वस्तू माझी आणि मेकॅनिकलची एकटी मीच.

विचारायला लागले तर जो तो छातीठोक सांगे की बॉडी ॲशचीच हवी, नाहीतर ऑल्डरची. बाकी सगळं जळाऊ लाकूड! आयात केलेल्या ॲशच्या एका ठोकळ्याचा भाव काढला तर आमचे नऊ हजार त्यातच संपत होते, सुतारकाकांना द्यायला शंभर रुपयेसुद्धा उरत नव्हते. ॲश आणि ऑल्डर ही नावं मला माहीत होती, कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी धड्यांतून भेटलेली. झाड मात्र एकही पाहिलेलं नाही. मग ठरवलं, ज्याने पहिल्यांदा हे लाकूड वापरलं त्याने ते का वापरलं, तेवढं तरी शोधून काढू. आणि तिथून लिओ भेटला.

क्लॅरेन्स लिओनिडास फेंडर हे त्याचं पूर्ण नाव. 10 ऑगस्ट 1909 रोजी कॅलिफोर्नियात ॲनाहाइम आणि फुलर्टन या दोन गावांच्या मधे, आईवडिलांच्या संत्र्याच्या बागेत तो जन्मला. आईचं माहेरचं आडनाव वुड. खरंच! आठव्या वर्षी डाव्या डोळ्यात गाठ झाली, डोळा काढावा लागला आणि जन्मभर त्या जागी काचेचा डोळा राहिला. पुढे महायुद्धात सैन्यात जायची वेळ आली नाही ती यामुळेच.

त्याचा एक काका मोटारींच्या विजेच्या कामाचं दुकान चालवायचा. लिओ तेरा वर्षांचा असताना काकाने त्याला एक खोकं पाठवलं. त्यात एक बॅटरी आणि टाकाऊ सुट्या भागांचा ढीग. नंतर तो सांता मारियाला काकाकडे गेला तेव्हा दुकानाच्या तोंडाशी काकाने स्वतः जोडलेला एक रेडिओ मांडलेला होता आणि कर्ण्यातून मोठ्ठ्याने गाणं चाललं होतं. तो आवाज त्याच्या डोक्यात जो बसला तो कायमचा. शाळेतच तो लोकांचे रेडिओ दुरुस्त करायला लागला. गंमत म्हणजे पुढे कॉलेजला गेला तर विषय घेतला अकाउंटिंग! इलेक्ट्रॉनिक्सचा एकही कोर्स त्याने कधी केला नाही. (आमच्या ईएनटीसीवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.)

नोकऱ्यांचं नशीब मात्र बेकार. आधी बर्फाच्या कंपनीत माल पोचवायचं काम, मग तिथेच हिशेब. 1934 मध्ये एस्थरशी लग्न झालं. मग सरकारी हायवे खात्यात अकाउंटंट. मंदीचे दिवस, ती जागा गेली. नंतर एका टायर कंपनीत चिकटला, तिथून सहा महिन्यांत बाकीच्या हिशेबनिसांबरोबर त्यालाही काढलं. मग 1938 मध्ये सहाशे डॉलर कर्ज काढून त्याने फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. कॅम्पस प्लेसमेंट हुकली म्हणून रडणाऱ्यांना मी हल्ली हे ऐकवते.

दुकानात रेडिओबरोबर वाद्यवाल्यांचे ॲम्प्लिफायर दुरुस्तीला यायला लागले आणि लिओला एक रोग दिसला. पोकळ गिटारीला पिकअप लावून आवाज वाढवला की स्पीकरमधून निघालेला आवाज गिटारीचं पोट हलवतो, ते हलणं परत पिकअपमध्ये जातं, पुन्हा स्पीकरमध्ये येतं आणि शिट्टी सुरू होते. ऑडिटोरियमच्या माइकची होते तीच. उपाय सोपा होता: पोटच काढून टाका. आतून भरीव फळी घ्या, ती हलणारच नाही. 1945 मध्ये डॉक कॉफमन नावाच्या जोडीदाराबरोबर त्याने मांडीवर आडवी ठेवून वाजवायच्या हवाइयन गिटारी करायला सुरुवात केली. कॉफमनला धंद्यातल्या पैशांची धास्ती वाटली आणि तो वर्षभरात बाहेर पडला. लिओ एकटाच पुढे गेला.

1949 मध्ये त्याने भरीव गिटारीचा जो नमुना केला तो होता पाइनचा. पाइन म्हणजे ज्याची आपल्याकडे पॅकिंगची खोकी येतात ते! विकायला काढलेल्या गिटारीत पाइन मऊ पडला, नेकही वाकायला लागला. मग नेकमध्ये लोखंडी सळई आली आणि बॉडीला ॲश. तीच गिटार 1951 पासून टेलिकास्टर या नावाने विकली गेली.

आता ॲश का? मी मनात धरून चालले होते की त्याने वीसेक लाकडं ठोकून वाजवून ऐकली असतील. तसं काही नाही. ॲश हे अमेरिकेतलं रोजच्या वापरातलं लाकूड. बेसबॉलच्या बॅटी आणि हत्यारांचे दांडे त्याचेच होतात. धागा सरळ, चिवट, स्क्रू घट्ट धरणारं आणि वखारीत सहज मिळणारं. वर फिकट पारदर्शक रंग मारला की त्याच्या रेघा छान उठून दिसतात. एवढी कारणं त्याला पुरेशी होती. त्याची सगळी रचनाच वखारवाल्याच्या हिशेबाची होती. जुने गिटार कारागीर नेक बॉडीत सांधून सरसाने कायमची चिकटवायचे. लिओने बॉडीला खाच पाडली, नेक त्यात बसवली आणि मागून चार स्क्रू पिळले. झालं! नेक बिघडली तर नेक बदला. जुन्या पठडीतले लोक त्याला हसले. पण आज माझी फुगलेली बॉडी फेकून नेक वाचवता येते ती केवळ त्या चार स्क्रूंमुळे.

त्याच वर्षाच्या, म्हणजे 1951 च्या शेवटी, त्याने बेस काढली. तोवर बँडमध्ये बेस म्हणजे माणसाहून उंच, उभं धरायचं व्हायोलिनच्या खानदानातलं धूड. ते गाडीच्या टपावर बांधून न्यायचं, आणि एवढं करून ड्रमच्या आवाजात ते ऐकू येत नाही. शिवाय त्याला पडदे नसतात, त्यामुळे सूर सगळा बोटांच्या अंदाजावर. लिओने टेलिकास्टरसारखीच ॲशची सपाट फळी घेतली, त्यावर 34 इंच तारेची लांब नेक बसवली आणि सतारीला पडदे असतात तसे तिला फ्रेट ठोकले. फ्रेटमुळे सूर नेमका लागतो म्हणून नाव ठेवलं प्रिसिजन. मेकॅनिकलवाल्यांच्या काळजाला भिडेल असं नाव! पडद्यांची विजेवरची बेस त्याच्याआधी 1930 च्या दशकात सिएटलला पॉल टटमार्कने केली होती, पण ती चालली नाही. लिओची चालली. कारण पुढच्याच वर्षी तिच्यासाठी बासमन नावाचा ॲम्प्लिफायरही त्यानेच आणला. नुसती बेस देऊन उपयोग काय, ती ऐकू पण यायला हवी ना.

त्याला वाजवता येत नव्हतं हे इथे कामाला आलं असं मला वाटतं. ज्याला वाजवता येतं तो स्वतःच्या बोटांवर विश्वास ठेवतो. लिओला ती सोयच नव्हती. तो गिटारी वाजवणाऱ्यांच्या हातात द्यायचा आणि त्यांच्या तक्रारी ऐकून घ्यायचा. सपाट फळीची कड बरगडीत रुतते अशी तक्रार आली, तर 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरला मागून पोटासाठी आणि पुढून कोपरासाठी उतार मिळाला. त्याच वर्षी बेसलाही तो उतार आला. नवी बॉडी करताना मी सुतारकाकांना पहिली गोष्ट सांगितली ती या उताराची. जुनी सपाट होती आणि अडीच तासांच्या प्रॅक्टिसनंतर माझ्या हातावर लाल वळ उठायचे.

आणि मग ती गोष्ट, जिच्यासाठी मी एवढं वाचत होते. 1956 च्या सुमारास फेंडरच्या बॉड्या ॲशवरून ऑल्डरवर आल्या. इतकी वर्षं ज्यावर लोक भांडताहेत ते ऑल्डर का आलं? ॲशची छिद्रं उघडी असतात. त्यावर थेट रंग मारला तर पृष्ठभाग खडबडीत दिसतो. आधी लांबी भरा, घासा, पुन्हा भरा, पुन्हा घासा. वर ॲशचं वजन झाडागणिक बदलतं. दक्षिणेकडच्या दलदलीतल्या झाडांच्या बुंध्याचं ॲश हलकं, तर डोंगरावरचं अगदी जड. ऑल्डर पश्चिम किनाऱ्यावर मुबलक, भाव बरा, वजन बेताचं, छिद्रं बंद. घासा, सीलर मारा, रंग मारा, संपलं. ज्या गिटारींना फिकट पारदर्शक रंग द्यायचा, त्यांच्यापुरतं ॲश ठेवलं, कारण तिथे रेघा दिसायला हव्या होत्या. म्हणजे सुराचा प्रश्न कुठे आलाच नाही! निर्णय झाला तो रंगाच्या खोलीत आणि हिशेबाच्या वहीत. अकाउंटंट माणूस, दुसरं काय करणार.

हे वाचून मला धक्का बसला, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. ज्याला मी विद्या समजत होते ती वखारीतली सोय निघाली. पण मग वाटलं, आवाज चांगला आला हे तरी खरंच ना? मोटाऊनच्या जेम्स जेमर्सनने 1962 च्या एकाच प्रिसिजनवर ढीगभर गाणी वाजवली. तारासुद्धा तो तुटेपर्यंत बदलत नसे. त्या आवाजात ऑल्डरचा वाटा किती, जुन्या तारांचा किती आणि जेमर्सनच्या एका बोटाचा किती?

थोडं आपल्या अभ्यासातलं बोलू. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. वर पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि गुंडाळीत वीज येते. पिकअपला लाकूड ऐकूच येत नाही, त्याला तारेचं हलणं तेवढं कळतं. लाकूड शिरतं ते मागच्या दाराने. तार दोन टोकांना ज्यावर टेकते ते स्वतः किती हलतं, तेवढी ऊर्जा तारेतून चोरली जाते. आणि हलते ती मुख्यतः नेक, कारण ती लांब आणि सडपातळ. बॉडी तिच्या मानाने ठोकळाच. बहुतेक फेंडर जातीच्या बेसवर सगळ्यात बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटजवळ एखादा सूर पटकन विझतो. माझ्या जुन्या बेसवरही विझायचा. तो दोष नेकच्या कंपनाचा. बॉडी सोन्याची केली तरी तो राहणार! बॉडीचा परिणाम शून्य असतो असं माझं म्हणणं नाही. पण जो आहे तो ॲम्प्लिफायरची एक कळ पाव वळसा फिरवली की झाकला जाईल एवढाच असावा.

वजनाचा परिणाम मात्र थेट खांद्यावर होतो. मी हिशेब मांडला. 50 सेंमी लांब, 35 रुंद आणि साडेचार जाड ठोकळा घेतला आणि आकार कापला की साधारण पाच लिटर लाकूड उरतं. घनमीटरला ऑल्डर 450 किलोच्या आसपास, जड ॲश 670 आणि आपला सागवान 650. म्हणजे ऑल्डरची बॉडी सव्वादोन किलो, आणि ॲश किंवा सागवानाची सव्वातीन किंवा वर. एक किलोचा फरक! सागवान मला फुकट मिळत होता, मामाच्या जुन्या घराची तुळई. भावना बाजूला ठेवून तो नाकारला.

लिओकडे परत येते. 1955 च्या सुमारास त्याला सायनसचा जंतुसंसर्ग जडला. बरा होईना. दहा वर्षं तो तसाच कामावर जात राहिला आणि शेवटी त्याची खात्री पटली की आपण काही फार जगत नाही. जानेवारी 1965 मध्ये त्याने कंपनी सीबीएसला 130 लाख डॉलरना विकली. बर्फाच्या कंपनीत हिशेब लिहिणाऱ्या पोराला हा सौदा स्वप्नातही दिसला नसता. आणि त्यानंतर काय झालं? डॉक्टर बदलला, नव्या डॉक्टरने पेनिसिलिनचा दणकून डोस दिला आणि हा ठणठणीत बरा! आयुष्यभराची कंपनी गेली, नाव गेलं, दहा वर्षं प्रतिस्पर्धी गिटार काढायची नाही असा करार झाला, आणि मरण काही आलं नाही. मला त्याच्या आयुष्यातली ही जागा सगळ्यात जास्त टोचते. हाती एवढा पैसा असलेला दुसरा माणूस बोट विकत घेऊन समुद्रावर गेला असता. लिओकडे बोटी होत्याही. पण तो दहा वर्षं संपायची वाट बघत राहिला.

1975 मध्ये तो म्युझिक मॅन कंपनीचा अध्यक्ष झाला आणि 1976 मध्ये तिथून स्टिंगरे ही बेस आली. लाकूड पुन्हा बहुतेक ॲशच. नवी गोष्ट होती ती आतली: बेसच्या पोटात बॅटरीवर चालणारा छोटा प्रीॲम्प. सदुसष्ट वर्षांचा माणूस आवाज सुधारायला निघाला तेव्हा त्याने हात घातला तो लाकडाला नाही, सर्किटला. हे मला फार बोलकं वाटतं. एस्थर 1979 मध्ये गेली. त्याच सुमारास जुना सहकारी जॉर्ज फुलर्टन याच्याबरोबर त्याने जी अँड एल कंपनी काढली, आणि 1980 मध्ये फिलिसशी दुसरं लग्न केलं. शेवटी पार्किन्सनने हात थरथरायचे, तरी तो रोज वर्कशॉपमध्ये जायचा. 20 मार्च 1991 लाही गेला होता. दुसऱ्या दिवशी, 21 मार्चला, वयाच्या 81 व्या वर्षी तो वारला. त्याची कामाची खोली कंपनीने होती तशीच ठेवली. गिटार अखेरपर्यंत शिकला नाही.

तो गेल्यानंतरची एक गोष्ट त्याने पाहायला हवी होती. 2002 मध्ये अमेरिकेत मिशिगनला एक हिरवा चमकणारा आशियाई किडा सापडला, जो ॲशच्या सालीखाली बोगदे पाडून झाड मारतो. त्याने कोट्यवधी झाडं खाल्ली. त्यात मिसिसिपीच्या खोऱ्यातले पूर. 2020 मध्ये फेंडर कंपनीनेच जाहीर केलं की नेहमीच्या गिटारींत आता ॲश वापरणार नाही, थोड्या निवडक मॉडेलपुरतंच ठेवणार. रसिकांनी गळे काढले. लिओने काय केलं असतं ते मला 1956 वरून दिसतंय. वखारीत दुसरं काय आहे ते विचारलं असतं.

मीही तेच विचारलं. टिंबर मार्केटमध्ये सुतारकाका मला तीन वखारींत फिरवून शेवटी एका फळीपाशी थांबले. फिकट पिवळसर, बारीक छिद्रांची, उचलली तर हलकी. शिवण म्हणाले. माझ्या तोंडावर काही उमटेना, तेव्हा काकांना माझी कीव आली असावी. ढोलकी, मृदंगाच्या खोडांनाही हे लाकूड चालतं, तडकत नाही, वाळलं की हलत नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. मिरजेचे कारागीर सतारीला तूण वापरतात, ते मिळालं तर तेही चाललं असतं, पण एवढ्या जाडीचा सुका ठोकळा नव्हता. शिवणीची घनता पाहिली: ऑल्डरच्या अगदी शेजारी. दोन फळ्या मधोमध जोडायच्या ठरल्या. काकांनी ठोकून, वाकवून, कडेला ओल आहे का बघून दोन काढल्या. एकीत गाठ होती, ती नेकच्या खाचेत येत नाही ना हे मी टेप लावून तपासलं. दोन्ही मिळून पंधराशे रुपये.

बँडमध्ये यावर दोन रात्री भांडण झालं. आमच्या लीड गिटारिस्टचं म्हणणं की पाच जणांच्या पैशांतून जळाऊ लाकूड आणलं. मेसचं जेवण सोडलेली मैत्रीण गप्प होती, ते जास्त लागलं. शेवटी तिनेच विचारलं की उरलेल्या पैशांचं काय. काकांची मजुरी आणि रंग जाऊन साडेतीन हजार उरत होते, त्यात नवा पिकअप येत होता. तिने हात वर केला, मग बाकीच्यांनी.

बॉडी परवा मिळाली. दोन किलो तीनशे ग्रॅम, माझ्या हिशेबापेक्षा पन्नास ग्रॅम जास्त. उतार झकास उतरलाय. नेकची खाच एक मिलिमीटर मोठी झाली आहे, माझ्या ड्रॉइंगमध्येच चूक होती, त्यामुळे शनिवारी कडेला शिवणीचीच पातळ पट्टी बसवायला पुन्हा काकांकडे जायचंय. पट्टी वाळली की चार स्क्रू.